एक कप बेदाणे म्हणजे किती ग्रॅम? (केक फसलाय, मदत हवी)

माजिवडाकरीण:
नमस्कार मंडळी. पाककृती विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय, आधी कुणी हेच विचारलं असेल तर लिंक द्या आणि माफ करा, मी शोधलं पण सापडलं नाही.

झालं असं की माझी नणंद न्यू जर्सीला असते, तिने शेजारच्या बाईंकडून फ्रूट केकची रेसिपी घेऊन मला व्हॉट्सॲपवर पाठवली. सगळं कपात. दीड कप बेदाणे, एक कप चिरलेला खजूर, अर्धा कप जर्दाळू, अर्धा कप क्रॅनबेरी. मैदा साखरही कपातच होतं पण त्याचं काही नाही, ते डब्यात असतंच, कप बुडवला की काम झालं. सुका मेवा मात्र विकत आणायचा होता आणि दुकानदार काय कपाने देणार आहे का. म्हणून मी आणि आमचे हे, दोघांनी बसून हिशोब केला. नेटवर स्वच्छ लिहिलंय एक कप म्हणजे ८ औंस, आणि एक औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम, म्हणजे कप झाला २२७ ग्रॅमचा. त्या हिशोबाने बेदाणे ३४०, खजूर २२७, जर्दाळू नि क्रॅनबेरी प्रत्येकी ११३. कागदावर लिहून घेतलं आणि शनिवारी ठाण्याहून ट्रान्स हार्बरने सानपाड्याला उतरून वाशीच्या मसाला मार्केटला गेलो, म्हटलं जातोच आहोत तर बदाम पण आणू. तिथला माणूस माझा कागद बघून हसला, ११३ ग्रॅम कुठून काढलंत ताई म्हणाला, निदान पाव किलो तरी घ्या. घेतलं पाव पाव किलो, बेदाणे अर्धा किलो, घरी येऊन माझ्या काट्यावर कागदाप्रमाणे वजन करून बाजूला काढलं.

आणि मग परत कपाने मोजलं नाही, बहुतेक इथेच माती खाल्ली. काट्यावर मोजलंय ना, आता कप कशाला. ओतलं सगळं. मिश्रणात चमचा उभा राहत होता तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. केक काढला तर वर मैद्याचा पापुद्रा आणि खाली चांगला दोन बोटं मेव्याचा थर, टिनला चिक्कीसारखा धरलेला. सुरी घातली की भुगा. सासूबाई म्हणाल्या, छान झालीय गं खजुराची वडी. लेक चमच्याने खातेय.

तर कप ते ग्रॅम नक्की करतात कसं? आमचा हिशोब तर बरोबर आहे, दोनदा केलाय. नाताळच्या आधी परत करून बघायचाय, कुणीतरी सांगा.

नेरुळची भट्टी:
हिशोब बरोबर आहे ताई, औंस चुकीचा धरलाय. घाबरू नका, केक शिकणारा प्रत्येक माणूस या खड्ड्यात एकदा पडतो, मी पण पडलेय, माझ्या वेळी कोको पावडर होती आणि तो केक कुत्र्यानेही खाल्ला नाही.

औंस दोन असतात. एक वजनाचा, तो २८.३५ ग्रॅमचा. दुसरा द्रवाचा, फ्लुइड औंस, तो जवळजवळ ३० मिलीचा, म्हणजे ती जागा झाली, वजन नाही. अमेरिकन कप ८ औंसाचा म्हणतात तो हा दुसरा औंस, म्हणजे कप साधारण २४० मिलीचा. पाणी भरलंत तर २४० ग्रॅम भरेल कारण पाण्याचा एक मिली एक ग्रॅम. मध भरलात तर ३४० च्या आसपास जाईल. आणि बेदाणे भरलेत तर मधे मधे हवा राहते ना, म्हणून १४५-१५० वरच कप भरतो. तुम्ही बेदाण्याला पाण्यापेक्षा थोडंसंच हलकं धरलंत.

तुमच्या रेसिपीचं सांगते. दीड कप बेदाणे २२० ग्रॅम. चिरलेला खजूर एक कप दीडशे धरा. जर्दाळू पूर्ण कपाला १३० लागतात म्हणजे अर्ध्याला ६५. क्रॅनबेरी माझ्या काट्यावर कपाला १२० येतात म्हणजे अर्ध्याला ६०, पण ती पाकिटागणिक बदलते, चिकट असेल तर जास्त भरते. बेरीज करा, पाचशेच्या आतबाहेर येते. तुम्ही टाकलंत जवळजवळ आठशे. तीनशे ग्रॅम जास्तीचा मेवा तेवढ्याच मैद्याने कसा पेलायचा, तो खाली बसणारच. मेव्याला मैदा चोळून घाला वगैरे सल्ले येतील आता, त्याने थोडाफार फरक पडतो पण तीनशे ग्रॅमला काही उपाय नाही.

आणि हो, ते कप बुडवला की काम झालं, ते पण नका करू. मैद्याच्या डब्यात कप बुडवून काढला की मैदा दाबला जातो, १२५ च्या जागी १४५-१५० पण भरतो. चमच्याने कपात सोडायचा आणि सुरीने वरून सपाट करायचा. साखरेला चालतं बुडवलं तरी, ती दाबली जात नाही, २०० ग्रॅम येतेच.

जांभळीनाका:
आमच्या मातोश्री शिऱ्यात मूठभर बेदाणे टाकतात. मूठ पण त्यांची आणि शिरा पण त्यांचा. पन्नास वर्षात एकदाही फसला नाही. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

माजिवडाकरीण:
@नेरुळची भट्टी ताई काय सांगू, ह्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले बघ मी म्हणालो होतो. काही म्हणाले नव्हते. पण मग एक सांगा, ब्रिटिश रेसिपीत जे औंस असतात ते पण असेच का? माझ्याकडे एक जुनी वही आहे मावशीची, वांद्र्याला तिच्या शेजारी ख्रिश्चन कुटुंब होतं त्यांच्याकडून उतरवलेली, त्यात बेदाणे ८ औंस लिहिलंय.

नेरुळची भट्टी:
नाही नाही, तिथे सरळ २२५ ग्रॅम घाला. त्या जुन्या इंग्लिश पद्धतीच्या रेसिप्या काट्यावरच्या असतात, मैदा ८ औंस, बटर ८ औंस, सगळं वजनच. अर्धा पौंड म्हणजे २२७. सुक्या जिनसांपुढे औंस लिहिला असेल तर वजन, आणि कपाचे औंस असतील तर जागा, एवढं धरून चाला. तुमच्या मावशीची वही मात्र इथे टाका हो, फोटो काढून.

ऐरोली_एक्स्प्रेस:
एक शंका. मी एका ठिकाणी बेदाणे कपाला १६५ वाचलंय आणि भट्टीताई १४५ म्हणतायत. २० ग्रॅमचा फरक म्हणजे कमी नाही. दोघांतलं कोण खोटं? असंच असतं नेटवर, ज्याला जे वाटेल ते लिहितो, म्हणून मी कप-बिप सोडून दिलंय, वजनात असेल तीच रेसिपी करतो, बाकीच्या बघतच नाही.

नेरुळची भट्टी:
कुणीच खोटं नाही. दोन्ही आकडे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या एकाच तक्त्यातले आहेत, न दाबता भरलेला कप १४५ आणि दाबून भरलेला १६५. तुम्ही वाचलंत तिथे दाबून हा शब्द गाळला असेल. रेसिपीत दाबून असं स्पष्ट लिहिलं नसेल तर १४५ धरायचं.

तासगावचा बेदाणा:
बेदाण्याचा विषय निघाला आणि मी गप्प बसलो तर गावात तोंड दाखवता येणार नाही. मूळ तासगाव तालुका, सध्या मुक्काम कोपरखैरणे सेक्टर सांगत नाही कारण मग सगळे बेदाणे मागायला येतात.

पहिली गोष्ट, बेदाणा आणि मनुका एक नाही. बेदाणा म्हणजे बिनबियांचा, आपल्याकडचा बहुतेक थॉमसन जातीचा. मनुका म्हणजे मोठी, काळी, पुष्कळदा बीवाली, खोकल्याला भिजवून देतात ती. मुंबईत दुकानदार दोन्हीला किसमिस म्हणून देतो. कपात दोघींचं वजन सारखं भरणार नाही, आणि बीवाली मनुका केकात घातलीत तर दाताखाली कचकच येईल ते वेगळंच.

दुसरं, भट्टीताईंनी दाबून न दाबता सांगितलं ते एकदम बरोबर, पण त्यात दाण्याचा ओलेपणा पण धरा. आमच्याकडे द्राक्ष काढलं की डिपिंग ऑइलच्या (द्राक्ष लवकर वाळावं म्हणून वापरतात ते) पाण्यात बुडवून शेडमधे जाळ्यांवर पसरतात, उन्हात नाही, सावलीत वाळवतात म्हणून रंग हिरवट-पिवळा राहतो. चार किलोच्या आसपास द्राक्षाला किलोभर बेदाणा पडतो. चांगल्या वाळलेल्या बेदाण्यात पंधरा टक्क्यांच्या आसपास पाणी राहतं. असा दाणा हातातून सळसळ खाली पडतो, कपात नीट बसतो. तोच दाणा ठाण्या-नवी मुंबईत जुलैमधे डबा उघडा ठेवून बघा, चार दिवसात एकमेकाला चिकटून गोळा होतो. गोळा कपात टाकला की कडेने पोकळी राहते, मग तुम्ही बोटाने दाबता, मग तो १४५ चा १६५ होतो आणि इकडे ऐरोलीचे साहेब म्हणतात कोण खोटं.

म्हणून आमच्याकडे बेदाणा कपाने कुणी मोजत नाही. काटा आणि बॉक्स.

ऐरोली_एक्स्प्रेस:
साहेब नका म्हणू हो. पण पटलं.

वाशीचे आजोबा:
मी चाळीस वर्षं प्रयोगशाळेत काटेच बघितले म्हणून लिहितो, जरा लांबेल.

हा औंसाचा गोंधळ तुम्हा मुलांना नवा वाटतो पण आपल्या घरात हाच गोंधळ शेराचा होता. एक शेर वजनी आणि एक शेर मापी. वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे आजच्या हिशोबाने ९३३ ग्रॅम. मापी शेर म्हणजे ते पितळेचं नाहीतर लाकडाचं भांडं, त्यात तांदूळ भरले काय, पोहे भरले काय, शेरभरच. दोन निळवी म्हणजे कोळवं, दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, आणि चार शेरांची पायली. माझी आई पायलीभर पोहे आणि पायलीभर गहू एकाच पोत्याच्या वजनाचे आहेत असं कधी समजली नाही, चौथी शिकलेली होती. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम आले आणि ही माणसं गेली तसं माप वेगळं आणि वजन वेगळं हे आपल्या जिभेवरून पण गेलं. आता कपाच्या वाटेने परत आलंय.

आता कामाचं. ताई, तुमच्या घरात जो कप आहे तो किती मिलीचा आहे हे आधी बघा. बाजारात मिळणारे सेट कुणी २४० चे कुणी २५० चे असतात, तेवढा फरक केकला चालतो. पण माझ्या सुनेने एकदा राइस कुकरबरोबर आलेला प्लास्टिकचा कप वापरला, तो १८० मिलीचा असतो, म्हणजे पाऊण कपच झाला, आणि तिला वाटे कप तो कप. वाटीचं तर विचारूच नका, आमच्या घरात सहा वाट्या आहेत आणि सहाही वेगळ्या.

तपासायला सोपं आहे. कप रिकामा काट्यावर ठेवा, काटा शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितक्या मिलीचा तुमचा कप. मग पाणी ओता, कप पुसून कोरडा करा, परत शून्य करा, आणि बेदाणे भरा. दाबू नका, हापटू नका, वर आलेले बोटाने सारून टाका. जे येईल ते डायरीत लिहून ठेवा. असं तीनदा करा आणि मधला आकडा घ्या. दहा मिनिटांचं काम आहे, पुढची दहा वर्षं नेट बघायला नको.

काटा ओट्यावर ठेवताना ओटा सपाट आहे ना बघा, आमचा ओटा सिंककडे उतरता आहे, काटा एका पायावर डुलतो आणि आकडा ठरत नाही. खाली फरशीवर ठेवून मोजतो मी. आणि चमचाभर जिन्नस असल्या काट्यावर मोजायला जाऊ नका, एक टेबलस्पून बेदाणे म्हणजे जेमतेम ९ ग्रॅम, तिथे एका ग्रॅमची चूक पण मोठी होते. चमच्याला चमचाच बरा.

पाम_बीच:
आजोबा _/\_ काय प्रतिसाद आहे. सेव्ह केला.

माझा प्रश्न खजुराचा. रेसिपीत एक कप चिरलेला खजूर म्हणजे कपभर खजूर घेऊन मग चिरायचा की चिरून मग कपभर घ्यायचा? मी नेहमी आधीचं करते आणि मला नेहमी कमी वाटतो.

नेरुळची भट्टी:
हा खरा प्रश्न आहे, आणि यावर भल्याभल्यांचे केक बिघडतात. इंग्लिश रेसिपीत बघा शब्द कुठे आहे. चिरलेला हा शब्द खजुराच्या आधी आलाय तर चिरून मग कप भरायचा. खजूर लिहून स्वल्पविराम आणि मग चिरलेला असं असेल तर अख्खा खजूर कपात मोजून मग चिरायचा. मराठीत उतरवताना तो स्वल्पविराम हमखास गळतो, आणि व्हॉट्सॲपवर तर कुणी टाकतच नाही.

आत्ता तुमच्यासाठी उठून मोजून आले, पीठाचे हात धुऊन. बी काढलेला अख्खा खजूर कपात आडवातिडवा बसतो, मधे ही मोठी भोकं, १२५ वर कप भरला. तोच चिरून, तुकडे साधारण बेदाण्याएवढे, परत त्याच कपात टाकले तर कप भरलाच नाही, वर जागा राहिली. भरेपर्यंत अजून घातला तर १५० झाला. म्हणजे पाम बीच ताई तुम्हाला कमी वाटत होता तो कमीच होता.

आणि बीवाला खजूर आणत असाल तर बियांचं वजन धरा. माझ्या अर्धा किलोतून बिया-देठ काढून ४४० च्या आसपास हाती येतो. घरातल्या माणसांनी चिरताना खाल्लेला वेगळा.

जर्दाळूचं पण तसंच, बी असलेला आख्खा जर्दाळू आपल्याकडे जास्त मिळतो, तो घट्ट असतो. रेसिपीतला म्हणजे बिनबियांचा, नारिंगी, मऊ, त्यात पाणीच तीस टक्क्यांच्या वर असतं. १३० चा आकडा त्या अर्धुकांचा आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या त्याच तक्त्यात अंजीर १४९ आहे आणि बी काढलेले प्रून (सुके आलूबुखार) १७४, ते मऊ असतात आणि कपात एकमेकांवर बसतात म्हणून जास्त भरतात.

पाम_बीच:
आणि भिजवून घालायचे असतील तर? मी रस काढून त्यात रात्रभर ठेवते, संत्र्याच्या.

नेरुळची भट्टी:
मोजून मग भिजवा. शंभर ग्रॅम बेदाणे रात्रभरात रस पिऊन दीडशेच्या घरात जातात, मग ते कपात मोजून काय उपयोग. भिजवलेले एक कप असं लिहिलं असेल तरच भिजवून मोजा. आणि मिश्रणात घालण्याआधी चाळणीत निथळू द्या.

जांभळीनाका:
मातोश्रींची मूठ काट्यावर मोजली. ३२ ग्रॅम. परत घ्यायला सांगितली, ३१. तिसऱ्यांदा म्हणाल्या आता तू शिरा खाणार आहेस की नाही.

वाशीचे आजोबा:
जांभळीनाका, एक ग्रॅमच्या आत तीन वेळा, त्यांना आमच्या लॅबमधे घ्यायला हवं होतं.

जांभळीनाका:
दोनच वेळा आजोबा, तिसऱ्यांदा झारा दाखवला.

कळव्याची_कळी:
माझं जरा उलटं आहे, चालेल का इथे? थंडी सुरू झाली की (आमच्याकडे थंडी म्हणजे पंखा दोनवर) डिंकाचे लाडू करतो. आज्जेसासूबाईंच्या वहीत असं लिहिलंय: खारकेची पूड १ मापटं, खोबरं किसून १ मापटं, डिंक १ कोळवं, गूळ अंदाजे. घरात ते मापटं पण नाहीये, मोडीत गेलं म्हणे. आणि खारीक मी आणते किलोत. किती आणू? गेल्या वर्षी मी दोन्ही अर्धा अर्धा किलो घेतलं तर खोबरंच खोबरं झालं, लाडू वळेनात.

वाशीचे आजोबा:
वळणार कसे. खोबऱ्याचा कीस हलका, कपात शंभर ग्रॅमही भरत नाही, आणि खारकेची पूड जड. सासूबाईंनी दोघांना सारखी जागा दिली होती, तुम्ही सारखं वजन दिलंत. अर्धा किलो कीस म्हणजे डोंगर झाला असेल.

मापटं नाही तर नसू दे, ते दर गावाला वेगळं होतं, त्याचा मिलीतला आकडा शोधून हाती काही लागणार नाही. आमच्या घरचं चिपटं आहे अजून, त्यात मी पाणी भरून बघितलं तर तुमच्या त्या अमेरिकन कपाच्या जवळपास आलं, सव्वादोनशे मिली. पण ते आमचं. तुम्हाला फक्त प्रमाण हवंय. कोळवं म्हणजे मापट्याचा चौथा हिस्सा. तेव्हा कुठलंही एक भांडं मापटं म्हणून धरा, त्यात भरून खारीक पूड, तेवढाच कीस, पाव भांडं डिंक. डिंक कच्चा मोजायचा, तळल्यावर फुलून कितीतरी पट होतो. ते भांडं भरताना एकदाच काट्यावर वजन घेऊन वहीत सासूबाईंच्या अक्षराशेजारी लिहून ठेवा, पुढच्या वर्षी दुकानात सरळ ग्रॅममधे मागता येईल.

गूळ अंदाजे यावर माझ्याकडे उपाय नाही.

कळव्याची_कळी:
आजोबा तुमच्या पाया पडते. आज्जेसासूबाई दिलदार होत्या पण गुळाच्या बाबतीत कधी कुणाला काही सांगितलं नाही म्हणे.

तासगावचा बेदाणा:
कळवेकर ताई, खारीक घरी कुटणार असाल तर बी काढून, कडक उन्हात ठेवून मग मिक्सरला लावा, नाहीतर पातं अडकतं. आणि पूड भरताना भांडं हापटू नका, हापटलं की पूड बसते आणि त्याच भांड्यात जास्त मावते. मैद्याचं भट्टीताईंनी सांगितलं तेच.

ऐरोली_एक्स्प्रेस:
एक राहिलं, काजू बदाम अक्रोड. तेही सांगून टाका म्हणजे धागा पूर्ण होईल.

नेरुळची भट्टी:
अख्खे बदाम कपाला १४०-१४५, पातळ काप केलेले ९०-९५, म्हणजे तोच बदाम आणि केवढा फरक बघा. अक्रोड चिरलेले ११५-१२०, अर्धुकं शंभर. काजूचे तुकडे मी १३० धरते. आणि ऑस्ट्रेलियन रेसिपी असेल तर सावध, तिकडचा कप २५० चा आणि टेबलस्पून २० मिलीचा असतो, आपल्याकडचा १५ चा. बेदाण्यात काही बिघडत नाही, बेकिंग पावडरमधे बिघडतं.

माजिवडाकरीण:
आले आले. चार दिवस गायब होते कारण लेकीची परीक्षा.

आजोबांनी सांगितलं तसं केलं. आमचा ओटा पण उतरता निघाला, पंधरा वर्षं राहतेय कळलं नव्हतं, सिंकमधे पाणी जावं म्हणून करतात म्हणे. फरशीवर बसून मोजलं. माझ्या कपात पाणी मावलं २५१ ग्रॅम, कप उलटा करून बघितला तर खाली बारीक अक्षरात २५० लिहिलेलं आहे, इतके दिवस दिसलं नाही. बेदाणे तीनदा भरले, १५०, १५४ आणि १५२. भट्टीताईंच्या १४५ पेक्षा जास्त आले म्हणून आधी घाबरले मग ह्यांनी भागाकार करून दाखवला, कप मोठा आहे म्हणून तेवढे जास्त, बरोबर बसतंय. या वेळी खरंच ह्यांनीच केलं, श्रेय देते.

चिरलेला खजूर आला १५८, पण चिकट होता, सुरीला तेलाचा हात लावून चिरला. रेसिपी अमेरिकेची म्हणून मग कप वापरलाच नाही, भट्टीताईंचे ग्रॅम घेतले, २२०, १५०, ६५, ६०. मैदा पण चमच्याने सोडला. काल संध्याकाळी केक केला. या वेळी चमचा उभा राहिला नाही. सुरीने नीट कापला गेला, मेवा वरपासून खालपर्यंत दिसतोय, एका कोपऱ्यात दोन क्रॅनबेरी खाली बसल्यात पण त्या माझ्या नशिबाच्या. फोटो टाकते.

सासूबाईंनी दोन तुकडे खाल्ले आणि म्हणाल्या, मागचा जास्त चांगला होता, त्यात मेवा भरपूर होता.

जांभळीनाका:
मागच्याची रेसिपी टाका ताई. खजुराची वडी, मापासकट.

माजिवडाकरीण:
घ्या. बेदाणे ३४०, खजूर २२७, जर्दाळू ११३, क्रॅनबेरी ११३, आणि मैदा कप बुडवून. टिनला बटर पेपर लावा, मी नव्हता लावला.